हात बसतो तेव्हा

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात वायरिंग हार्नेसची नवी ऑर्डर सुरू झाली, तेव्हा मी स्टॉपवॉच घेऊन बोर्डाशेजारी उभा होतो. खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, टर्मिनल कनेक्टरच्या नेमक्या खाचेत ‘टक्’ होईपर्यंत दाबायचे, शेवटी टेप गुंडाळायची. हे काम करणाऱ्या ताईंना पहिल्या नगाला ५० मिनिटे लागली.

अमेरिकी विमान-अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानबांधणीचा हिशेब मांडला होता: एकूण उत्पादन दुप्पट झाले की नगामागचे सरासरी श्रम ८० टक्क्यांवर येतात. तोच नियम मी एकेका नगाला लावला. दुसऱ्याला ४० मिनिटे, चौथ्याला ३२, आठव्याला साधारण २६. सूत्रात पहिल्या नगाच्या वेळेला नगाच्या क्रमांकाच्या उणे ०.३२ व्या घाताने गुणायचे. लॉग-लॉग कागदावर या वेळांचा वक्र सरळ रेघ होतो. हातकाम जास्त तिथे उतार मोठा, यंत्राच्या वेगाने चालणाऱ्या कामात कमी.

तिसऱ्या नगानंतर ताईंची नजर ड्रॉइंगकडे क्वचितच जाऊ लागली. उजवा हात टर्मिनल दाबत असताना डावा पुढची वायर उचलू लागला. सातव्या नगाला मात्र वेळ वाढला. लाल-काळी आणि लाल-तपकिरी वायर एकमेकींच्या जागी गेल्या, टर्मिनल उपसावे लागले आणि माझा ठिपका रेघेच्या वर गेला. ताईंनी लगेच त्या दोन वायरींचे जुडगे बोर्डाच्या दोन टोकांना टांगले. ती चूक पुन्हा झाली नाही. रेघेचा उतार अशा लहान लहान निर्णयांतून घडतो.

मध्ये काही आठवडे दुसरी ऑर्डर आली. परतल्यावर ताईंचे हात पुन्हा अडखळले. म्हणून खंड पडणाऱ्या कामाच्या गणितात विसरणेही धरावे लागते.

भाव ठरवताना मालकांनी विचारले, “सर, हात बसल्यावर नगाला किती वेळ?” सूत्राने शंभरावा नग सुमारे ११.४ मिनिटांचा येतो. त्या दराने शंभर नगांना १९ तास होतात. पण पहिल्यापासून शंभराव्यापर्यंतची बेरीज २७ तासांची आहे. मधले ८ तास, म्हणजे एक अख्खी शिफ्ट, शिकण्याची. मी ती कोटेशनमध्ये वेगळी लिहायला लावली. तिथे ती लिहिली नाही, तर ताईंच्या जेवणाच्या सुट्टीतून वसूल होते.