शकुंतला रेल्वे
शकुंतला रेल्वे : वऱ्हाडातील एक अरुंदमापी (७६२ मिमी.) लोहमार्ग. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे त्याचे मुख्य स्थानक होय. तेथून एक फाटा दर्यापूर, अंजनगावमार्गे अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला (७६ किमी.) व दुसरा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला (११३ किमी.) जाई.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण होऊन वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदरी जाऊ लागला. परंतु मार्गापासून दूर असलेल्या बाजारपेठांतील माल बैलगाड्यांनीच स्थानकापर्यंत आणावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापिली (१९१०). गाड्या चालविण्याचे काम प्रथम ग्रेट इंडियन पेनिन्शुलाकडे व नंतर मध्य रेल्वेकडे होते. मालकी मात्र राष्ट्रीयीकरणानंतरही खाजगीच राहिली.

अरुंदमापी मार्ग बांधण्यास स्वस्त असला, तरी विरळ वाहतुकीस बाष्प एंजिन महाग पडते. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी विस्तव पेटवावा लागतो. कोळसा, पाणी व फायरमन यांचा खर्च वेगळाच. यावर उपाय म्हणून पेट्रोल एंजिनाची हलकी रेल-मोटार पुढे आली. अमेरिकेत मॅकीन यांच्या गाड्या १९०५ पासून धावू लागल्या. मात्र त्यांच्या क्लच व दंतचक्रांत वारंवार बिघाड होई. पेट्रोल-विद्युत् गाड्यांत (१९०६) एंजिनाने जनित्र फिरवून विद्युत् चलित्रांद्वारे चाकांना गती देण्यात आली. कोलोरॅडोतील रिओ ग्रांद सदर्न या अरुंदमापी मार्गाने १९३१ पासून जुन्या मोटारगाड्यांचे सांगाडेच रुळांवर चढविले. भारतात वऱ्हाडाइतक्याच मापाच्या कालका–सिमला मार्गावर रेल-मोटारी चालल्या.

तथापि रेल-मोटार हे मुख्यतः उतारू व टपाल यांचे वाहन होय. मालडब्यांची रांग ओढण्यास तिची शक्ती अपुरी पडते. कापसासाठी बांधलेल्या या मार्गावर बाष्प एंजिनाचे स्थान त्यामुळे टिकून राहिले. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनविलेले एंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत येथे कामावर होते. त्यानंतर डीझेल एंजिन आले. तोपर्यंत कापूस मालमोटारींकडे वळला होता व उरली होती ती उतारूंची वाहतूक. बसपेक्षा पुष्कळ कमी भाडे असल्याने शेतमजूर व लहान शेतकरी यांना ही गाडी मोठा आधार होती. पुढे दोन्ही फाट्यांवरील गाड्या बंद पडल्या. मार्ग रुंदमापी करण्यास २०१६ मध्ये मंजुरी मिळाली.