आसनांचा छंद आणि अर्ध्या तासाचा हिशेब

जून महिन्याचा तिसरा आठवडा हा हिंगोली जिल्ह्यात पेरणीचा आठवडा असतो. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर शिवारात सोयाबीनची पेरणी सुरू झालेली असते, हळदीच्या बेण्याची लागवड चालू असते, आणि ज्यांची गावी चार एकर जमीन आहे असे शिक्षक व कारकूनही रजेचा अर्ज ठेवून गावाकडे निघालेले असतात. नेमका याच आठवड्यात 21 जून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2014 मध्ये, 177 देशांच्या पुरस्काराने आलेल्या ठरावान्वये, हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला आणि 2015 पासून तो पाळला जाऊ लागला. उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली. तारीख निवडणाऱ्यांपुढे मराठवाड्यातील पेरणीचे वेळापत्रक नसावे, हे उघड आहे.

त्या दिवशी शाळांच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या जातात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुटतात, पाऊण तासात मंडळी ताडासनापासून शवासनापर्यंत येऊन पोचतात, छायाचित्रे निघतात आणि उपस्थितीचा आकडा वरच्या कार्यालयाकडे रवाना होतो. दुसऱ्या दिवशी सतरंज्या पुन्हा कोठीच्या खोलीत जातात. या समारंभाला नावे ठेवण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा का होईना, शरीराकडे सार्वजनिकरीत्या लक्ष दिले जाते. प्रश्न उरलेल्या 364 दिवसांचा आहे. त्या दिवसांत योगाचा विषय निघतो तो बहुधा औषधाच्या भाषेत. मधुमेहाला अमुक आसन, पाठदुखीला तमुक, अशी रोग आणि उतारे यांची कोष्टके दिवाणखान्यांतून फिरत असतात. एका बाजूला समारंभ आणि दुसऱ्या बाजूला रामबाण उपाय, या दोहोंच्या मधली एक साधी जागा मात्र रिकामी राहिली आहे. ती जागा छंदाची.

छंद हा शब्द सुशिक्षितांना थोडा हलका वाटतो. योगासारख्या गंभीर विषयाला तो लावणे काहींना रुचणारही नाही. परंतु ज्या जिल्ह्यात संत नामदेवांचे नरसी आहे, तेथे छंदाचे सामर्थ्य वेगळे सांगावे लागू नये. खेडोपाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्याने कोणती परीक्षा दिलेली नसते, त्याला मानधन नसते, आणि पखवाज वाजवल्याने रक्तदाब उतरतो असे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. तो कोणा वडीलधाऱ्याच्या शेजारी बसून वीस वर्षे शिकत राहतो आणि तरीही हात अजून बसला नाही असे म्हणतो. सर्वसामान्य माणसाने योगासने शिकावीत ती या रीतीने, आणि याच रीतीने ती टिकण्याचा संभव आहे.

हे शास्त्राला सोडून आहे असेही नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनासंबंधी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतील मुख्य अपेक्षा बैठक स्थिर व सुखकर असावी एवढीच आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन येते. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींत तिने अतिआहाराबरोबर अतिश्रमही घातले आहेत आणि नियमांचा फाजील आग्रहही. नाथपरंपरेशी मराठवाड्याचे नाते तर घरोब्याचे आहे. पाठीचा कणा पिळणाऱ्या अर्धमत्स्येंद्रासनाच्या नावात ज्यांचे नाव आहे, ते मच्छिंद्रनाथ येथील घराघरांत नवनाथांच्या पोथीतून परिचित आहेत. औंढा नागनाथ येथे नामदेवांना ज्यांनी उपदेश केला असे परंपरा सांगते, त्या विसोबांचे ‘खेचर’ हे नावही हठयोगाच्या परिभाषेची आठवण करून देणारे आहे.

मात्र ती विद्या विरक्तांची होती. ती प्रपंची माणसाच्या ओसरीवर आली ती गेल्या शंभर वर्षांत, आणि या कार्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. योगेंद्रजींनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला आपली संस्था काढली. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. त्याआधी ते अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा उपयोग केला, आतड्यातील दाब मोजले आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून जगापुढे ठेवले. चमत्काराची भाषा टाळून मोजमापाची भाषा बोलणारा हा संन्यस्त वृत्तीचा शिक्षक होता. आजच्या रामबाणवाल्यांनी त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हेच.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. (हे औंध साताऱ्याकडचे, आपले औंढा वेगळे.) त्यांचा उत्साह थोर होता, परंतु सक्तीने लागलेली सवय शाळा सुटल्यावर किती टिकते हा प्रश्न त्या काळीही होता आणि आजही आहे.

बी. के. एस. अय्यंगार यांची कथा या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने खंगलेला हा मुलगा 1937 साली पुण्यास आसने शिकवण्यासाठी आला आणि 2014 मध्ये निधन होईपर्यंत पुण्याचाच राहिला. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणावे, या विचाराने त्यांनी वीट, पट्टा, दोरी, खुर्ची आणि भिंत यांना शिक्षणाची साधने बनवले. यातली कोणती वस्तू हिंगोलीत मिळत नाही?

पश्चिमोत्तानासनाचे उदाहरण घ्यावे. पाय पसरून पुढे वाकावयाचे आणि हातांनी पावले धरावयाची, असे हे दिसावयास सोपे आसन. आठ-दहा वर्षे टेबलाशी बसून टिपणे लिहिणाऱ्या कारकुनाचा हात पहिल्या दिवशी नडगीच्या मध्यावर थांबतो. तो लाजतो आणि हिसका देतो. हिसका बसताच मांडीमागचे स्नायू आत्मरक्षणार्थ आणखी आकसतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते. बहुतेकांचा योगाभ्यास येथेच संपतो. उलट पावलांभोवती पंचा अडकवून, त्याची टोके हातांत धरून, श्वास सोडत तो सोसेल तेथे थांबला तर स्नायू हळूहळू सैल पडतात. महिनाभरात बोटे चार अंगुळे पुढे सरकतात. या चार अंगुळांची नोंद कोणत्याही अहवालात जात नाही. ती केवळ करणाऱ्यालाच ठाऊक असते. छंदाची गोडी म्हणतात ती यातच आहे. शीर्षासनाची हौस मात्र आवरावी. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्याने तर त्या वाटेस जाऊच नये. गुडघ्याचे किंवा मणक्याचे दुखणे असेल तर आधी वैद्याला विचारावे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या छंदाला भांडवल जवळजवळ लागत नाही. एक चटई आणि साडेपाच हात मोकळी जमीन पुरते. त्यामुळेच बाजाराला त्यात फारसा रस नसतो. जे विकता येत नाही त्याची जाहिरात कोण करील? मग बाजार चूर्णे, शिबिरे आणि रंगीत चटया विकतो. खरी दुर्मीळ वस्तू आहे ती चूक दाखवून देणारा जाणता डोळा. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेबारा लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात शहरी वस्ती जेमतेम पंधरा टक्के. शिकवण्याचा व्यवसाय करणारा शहराच्या आश्रयाने राहणार हे उघड आहे. उरलेल्या गावांपर्यंत ही विद्या पोचावयाची तर ती पखवाजाच्याच वाटेने, एका हौशी माणसाकडून दुसऱ्याकडे जावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणी नीट शिकून आलेला एखादा शिक्षक आपल्या गावी चौघांना बरोबर घेऊन बसला, तर शासनाच्या परिपत्रकाने जे होत नाही ते होऊ शकते.

दुसरी दुर्मीळ वस्तू वेळ, आणि तिची वाटणी पैशाहूनही विषम आहे. पहाटेचा अर्धा तास निवृत्त मुख्याध्यापकाला फुकट पडतो. त्याच्या सुनेला त्याच अर्ध्या तासाची किंमत पाणी, भाकरी आणि मुलांचे डबे यांत मोजावी लागते. हळदीच्या काढणीत दिवसभर वाकून गड्डे गोळा करणाऱ्या मजूर स्त्रीला पुढे वाकण्याचे आसन शिकवणे ही तर निव्वळ थट्टाच होईल. तिला हवे आहे ते पाठ टेकून पाय भिंतीवर उभे ठेवणे आणि त्यानंतरचे शवासन. तेवढा वेळ कोणी हाक मारणार नाही याची हमीही हवी आहे.

आसने पहाटेच करावीत हा संकेत खऱ्या अर्थाने पुरुषांच्या सोयीचा आहे. शरीराची अट एवढीच की पोट रिकामे असावे, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. घरातील स्त्री सर्वांच्या शेवटी, दुपारी एकच्या सुमारास जेवते. पाचच्या सुमारास तिचे पोट हलके असते आणि संध्याकाळची चूल पेटावयास थोडा अवधी असतो. शाळा सुटून वर्ग रिकामे होतात तेही याच वेळी. त्या रिकाम्या खोल्यांची किल्ली शिपायाच्या खिशात असते, आणि ती मागावयास आजवर सहसा कोणी गेलेले नाही.