मे महिन्याचं ऊन, ऑगस्टचं ऊन

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं मे महिन्यात रोज बातम्यांत असतात. पारा ४५ अंशांपुढे गेला की दुपारचे रस्ते ओस पडतात, ज्यांना निघावंच लागतं ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतात. उष्णता वाढली की आत्महत्या वाढतात, असं कुणी सांगितलं तर आपल्या डोळ्यांपुढे हाच महिना येईल. आकडे मात्र भलतीकडे बोट दाखवतात.

अर्थशास्त्रज्ञ टॅमा कार्लटन यांनी भारतातले १९६७ ते २०१३ या काळातले आत्महत्यांचे राज्यवार आकडे हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिले. त्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. पीक शेतात उभं असताना, २० अंशांच्या वर, एखाद्या दिवसाचं तापमान एका अंशाने वाढलं तर देशात सरासरी ७०च्या आसपास आत्महत्या वाढतात, असं त्यात दिसलं. शेत रिकामं असतं त्या महिन्यांत तितकीच उष्णता वाढली तर परिणाम जवळजवळ शून्य. म्हणजे मे महिन्यातलं अंग भाजणारं ऊन इथे निर्दोष सुटतं आणि पावसाने ओढ दिलेल्या ऑगस्टमधलं, अंगाला फारसं न जाणवणारं ऊन पकडलं जातं. कपाशीची पातेगळ होते, सोयाबीनचा फुलोरा झडतो. बियाणं-खतांची उधारी कृषी केंद्राच्या वहीत असते, पीककर्ज बँकेत, आणि लग्नासाठी उचललेले पैसे आणखी कुणाकडे. त्या हंगामात पाऊस चांगला झाला की आत्महत्या घटतात, हेही याच अभ्यासात आहे. तीस वर्षांतल्या ५९,३०० आत्महत्यांमागे तापमानवाढीचा हात असल्याचा त्यांचा अंदाज आहे.

या निष्कर्षांवर आक्षेप घेतले गेले, आणि ते घ्यायलाच हवेत. आकडे केवळ शेतकऱ्यांचे नाहीत, राज्यातल्या सगळ्यांचे आहेत. शिवाय राज्य हे एकक फार ढोबळ आहे: रत्नागिरी आणि जालना यांची सरासरी काढून हाती काय लागणार? पोलिसांच्या नोंदीत काय येतं आणि काय दडपलं जातं, हा प्रश्न तर आहेच. तरीही पीक असताना आणि नसताना यांतला फरक इतका ठळक आहे की तो नुसत्या नोंदींच्या घोळाने झाला, असं मला वाटत नाही.

गंमत अशी की अमेरिका आणि मेक्सिकोत चित्र वेगळं आहे. मार्शल बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की महिन्याचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं तर आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्क्याने आणि मेक्सिकोत २.१ टक्क्यांनी वाढतं. तिथे शेतीचा मार्ग पुरेसा नाही, उष्णता थेट शरीरातून मनापर्यंत पोचत असावी. झोप मोडते, चिडचीड वाढते. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी घाम येणं आणि शरीर थंड राखणं अवघड होतं. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. २०२१च्या जूनमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेच्या लाटेने ६१९ माणसं दगावली. त्यांत स्किझोफ्रेनिया असलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होतं. या आत्महत्या नव्हेत. पण मनाच्या आजाराचं आणि उन्हाचं नातं किती शारीरिक आहे, ते यातून कळतं.

हवेच्या प्रदूषणाचाही आत्महत्यांवर परिणाम होतो का, याचा माग काढणं याहून किचकट. कारखाने जोरात चालले की धूर वाढतो, पण हाताला कामही मिळतं, आणि काम मिळालं की आत्महत्या घटू शकतात. दोन्ही परिणाम एकमेकांना झाकतात. चीनवरच्या २०२४च्या अभ्यासात संशोधकांनी (कार्लटन त्यांतही होत्या) युक्ती केली. कधीकधी जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. हे झाकण कारखान्यांच्या भरभराटीला विचारून बसत नाही. त्यामुळे असे आठवडे आणि मोकळे आठवडे यांची तुलना करता येते. कोंडलेल्या आठवड्यात आत्महत्या वाढल्या, सर्वाधिक वयस्कर स्त्रियांमध्ये. परिणाम लगेच दिसतो, म्हणून सूक्ष्म कण मेंदूवर परिणाम करत असावेत, असा तर्क आहे. चीनने २०१३ पासून हवा स्वच्छ करण्याची मोहीम चालवली, तिच्यामुळे पाच वर्षांत सुमारे ४६,००० आत्महत्या टळल्या, असा हिशेब त्यांनी मांडला. ही मोहीम मानसिक आरोग्यासाठी नव्हतीच.

आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्यांतली प्रत्येक घटना हवामानाच्या खात्यावर टाकणं म्हणजे कर्ज, भाव, आजार आणि घरातल्या कलहांना मोकळं सोडणं. पण उष्णता पैशाच्या वाटेने येत असेल तर ती वाट अडवता येते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिल्यावर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. पाऊस कमी झाला की तिथेही आत्महत्या वाढत, तो परिणामही या मदतीने सौम्य झाला.

आपल्याकडे उष्माघाताच्या सूचना मार्च ते जूनच्या हिशेबाने निघतात. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली तर कृषी खातं पिकाचा पंचनामा करतं. त्या घरात कुणी आधीपासून खचलेलं आहे का, हे विचारण्याचं काम त्या पंचनाम्यात नाही. गावात आशाताई असतात आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत फोनही आहे. कोरड्या गेलेल्या तालुक्यांची यादी दर वर्षी तयार होतेच. ती या दोघांच्याही हाती द्यायला नवा कायदा लागत नाही.