द्राक्षगर्भ आणि थायरॉइड : वेळीच ओळखा, उपचार पूर्ण करा

द्राक्षगर्भ म्हणजे काय?
क्वचित प्रसंगी गर्भधारणा झाल्यावर बाळाची योग्य वाढ न होता वारेच्या ऊतींचीच अनियंत्रित वाढ होते. त्यांत द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याने भरलेले फुगे तयार होतात. गुणसूत्रांतील बिघाडामुळे असे घडते. यात स्त्रीचा कोणताही दोष नसतो.

थायरॉइडशी संबंध कसा?
वारेतून ‘एचसीजी’ हे संप्रेरक स्रवते. द्राक्षगर्भात त्याचे प्रमाण फार वाढते. थायरॉइडला चालना देणाऱ्या ‘टीएसएच’ या संप्रेरकाशी त्याची रचना मिळतीजुळती असल्याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा अधिक काम करू लागते.

ही लक्षणे अंगावर काढू नका
• पाळी चुकल्यानंतर अंगावरून रक्त किंवा फुग्यांसारखे तुकडे जाणे
• न थांबणाऱ्या उलट्या
• दिवसांच्या मानाने पोट अधिक मोठे दिसणे
• छातीत धडधड, हात थरथरणे, अति घाम, वजन घटणे

‘दिवस गेल्यावर असे व्हायचेच’ असे समजून थांबू नका. तीव्र ताप, धाप, अतिशय जलद नाडी किंवा बेशुद्धी ही जीवघेण्या अवस्थेची चिन्हे असू शकतात. अशा वेळी किंवा रक्तस्राव अधिक असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

निदान व उपचार
सोनोग्राफी तसेच एचसीजी आणि थायरॉइडच्या रक्तचाचण्यांवरून निदान होते. गर्भाशय रिकामे करणे हाच मुख्य उपचार असून तो सुसज्ज रुग्णालयातच व्हावा. थायरॉइड वाढलेले असल्यास भूल देण्यापूर्वी औषधांनी नियंत्रणात आणावे लागते. म्हणून धडधड, थरथर यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्या. घरी गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नका. गर्भाशय रिकामे झाल्यावर थायरॉइड बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते.

त्यानंतरची काळजी
बरे वाटू लागले तरी तपासणी सोडू नका. उरलेल्या ऊती पुन्हा वाढू शकतात, क्वचित कर्करोगाचे रूप घेतात. मात्र वेळीच लक्षात आल्यास हा आजार बहुतांशी पूर्ण बरा होतो. म्हणून एचसीजीची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत नियमित करावी व तोवर गर्भधारणा टाळावी. पुढील गर्भारपण बहुतेक स्त्रियांमध्ये सुरळीत पार पडते. त्या वेळी लवकर सोनोग्राफी करून घ्यावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. आपल्या आशाताईंशी संपर्क साधा.