टपालाचा दुभाषी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे कारखाने आहेत. समजा, तिथल्या एका कार्यालयात परदेशी गिऱ्हाइकाचा ईमेल आला. सोबत टॉवेलचे डिझाइन, रंगांचे नंबर आणि जीएसएम, म्हणजे कापडाचे वजन, हवे होते. आली मात्र ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची, काही केल्या न उघडणारी फाइल. पुन्हा पाठवायला सांगितले, तरी पुन्हा तीच. फाइल बिघडलेली नसते. पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मजकूर आणि जोडलेल्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या खास बांधणीत गुंडाळलेल्या असतात आणि ती गाठ इथल्या मेलला सोडवता येत नाही. पाठवणाऱ्याने मेलचे स्वरूप ‘रिच टेक्स्ट’ऐवजी ‘एचटीएमएल’ केले, की डिझाइन सहसा नीट पोचते.

ही अडचण फार जुन्या दुखण्याची शेवटची खूण आहे. १९८०च्या दशकात आणि नंतरही काही वर्षे प्रत्येक कार्यालयाचा ईमेल आपापल्या कुंपणात राहत होता. कुठे आयबीएमचे प्रॉफ्स, कुठे सीसी:मेल, कुठे मायक्रोसॉफ्ट मेल. प्रॉफ्समध्ये वापरणाऱ्याचे नाव ८ अक्षरांत बसवावे लागे. एक्स.४०० या आंतरराष्ट्रीय पद्धतीत देश, सेवा, संस्था, आडनाव, नाव असे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत भरावे लागे. एका कुंपणातले पत्र दुसऱ्यात जाण्यासाठी मध्ये दोन्हीकडची रीत जाणणारा कोणीतरी लागायचा. त्यालाच मेल गेटवे म्हणतात.

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेलुगू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा या गावात नांदतात आणि त्यांतल्या दोन भाषा येणाऱ्या माणसावाचून कित्येक व्यवहार अडतात. गेटवे हेच काम करतो. तो एका बाजूचे पत्र घेतो, पत्ता दुसऱ्या बाजूच्या रीतीने लिहितो, मजकूर आणि जोडलेल्या फाइली नव्या पाकिटात भरतो आणि पुढे धाडतो. मात्र एका रीतीत असलेली गोष्ट दुसरीत नसेल, तर ती वाटेतच गळते: ठळक अक्षरे, पोच मिळाल्याची पावती, कधी अख्खी फाइल.

पत्ता उलगडणे हे सर्वांत कठीण काम. बर्कली विद्यापीठात अर्पानेट, यूयूसीपी आणि विद्यापीठाचे स्वतःचे बर्कनेट अशी तीन जाळी एकत्र नांदत होती. एरिक ऑलमन यांनी ती जोडण्यासाठी आधी ‘डिलिव्हरमेल’ आणि त्यातूनच पुढे ‘सेंडमेल’ हा प्रोग्राम लिहिला. यूयूसीपीचा पत्ता म्हणजे वाटेतल्या यंत्रांची यादी, मध्ये उद्गारचिन्हे. अर्पानेटच्या पत्त्यात ॲटची खूण. दोन्ही खुणा एकाच पत्त्यात आल्या, की पेच पडे. एका रीतीने वाचले तर पत्र आधी उजवीकडच्या यंत्राकडे जायचे, दुसऱ्या रीतीने डावीकडच्या. चूक कुणाचीच नसताना पत्र भलतीकडे पोचे.

महाराष्ट्रात ही जोडणी झाली ती मुंबईत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून यूयूसीपी मेल सुरू झाला. मग १९८९ मध्ये एनसीएसटीतला गेटवे अमेरिकेतल्या यूयूनेटशी सेकंदाला ९,६०० बिटांच्या मार्गाने जोडला गेला. या वेगाने टॉवेलचा ५ एमबीचा एक फोटो यायला तासाहून अधिक वेळ लागला असता. तरीही देशातल्या संशोधकांची पत्रे त्या अरुंद वाटेने जगात जाऊ लागली, ही गोष्ट आज जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. एस. रमाणी तेव्हा एनसीएसटीचे नेतृत्व करत होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये सामील झाली.

सर्वसामान्य ग्राहकासाठी विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. हळूहळू सगळी कुंपणे एसएमटीपी या एकाच पद्धतीवर आली. जोडलेल्या फाइलींसाठी १९९२ मध्ये माइम ही सामाईक बांधणी ठरली होतीच. गेटवे आजही अनेक कंपन्यांच्या दाराशी असतो. तिथे तो मुख्यतः व्हायरस आणि फसवे मेल अडवतो.

भाषांतराचे एक काम मात्र नव्याने आले आहे. ‘डॉट भारत’ या देवनागरी नावांची सोय २०१४ पासून आहे आणि ईमेलचा पत्ता पूर्ण मराठीत ठेवण्याची तांत्रिक पद्धत २०१२ मध्येच ठरली. अशा पत्त्यावरून मेल निघाला, की पलीकडच्या सर्व्हरने ‘मला हे समजते’ असे आधी जाहीर करावे लागते. त्याने तसे सांगितले नाही, तर मेल परत येतो. डोमेनचे रोमन रूप ठरलेल्या नियमाने काढता येते. ॲटच्या खुणेआधीच्या नावाला असा नियमच नाही, कारण ते कसे वाचायचे हे फक्त त्या पत्त्याचा स्वतःचा सर्व्हर ठरवतो. म्हणून अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराने मराठी पत्ता घेतला, तरी त्याला जोडीला एक रोमन पत्ता ठेवावाच लागतो.