गोमाशीचा फोटो पाठीवरून काढा

पावसाळ्यात गोठ्याजवळ गोमाशी दिसली की मोबाइल आधी तिच्या तोंडाशी जातो. चमकदार डोळे, पात्यांसारखी सोंड, फोटो देखणा येतो. त्यावरून नर-मादीही कळते. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टी सुटलेली असते. रक्त पिते ती मादीच. नर फुलांतल्या मधुरसावर जगतो. मात्र जात ठरवायला एवढ्याने भागत नाही.

कुळातला गट पंखांवरून कळतो. छपरासारखे मिटलेले, राखाडी नक्षीचे पंख हीमॅटोपोटाचे. काळा आडवा पट्टा दिसला तर क्रायसॉप्स. अंगाने थोराड आणि पंख बहुधा स्वच्छ असतील तर टॅबॅनस. हे तिन्ही गट आपल्याकडे आहेत.

खरी कसोटी टॅबॅनसमध्ये लागते. युरोपातली टॅबॅनस सुडेटिकस ही तिथल्या सर्वांत मोठ्या माश्यांपैकी एक, जवळजवळ 25 मिलिमीटर लांब. तिची लिनीयसने 1758 साली नोंदवलेल्या टॅबॅनस बोव्हिनसशी सतत गल्लत होते. दोघी तपकिरी-काळ्या, दोघींच्या पोटावर मधोमध फिक्या त्रिकोणांची रांग. हे त्रिकोण नीट पाहावेत. सुडेटिकसचे बुटके असतात, पोटाच्या वळ्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. बोव्हिनसचे उंच, निमुळते, त्या कडेला टेकलेले. बोव्हिनसचे डोळे हिरवे, सुडेटिकसचे काळपट. मेल्यावर डोळ्यांचे रंग उडतात, म्हणून फोटो जिवंतपणीच घ्यावा. आणि तो सरळ वरून, पंख थोडे फाकलेले असताना. तिरप्या फोटोत उंच त्रिकोणही बुटका दिसतो.

ही खटपट निव्वळ हौसेची नाही. 1880 साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स यांना घोड्या-उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचे परजीवी सापडले. गोमाशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसते तेव्हा सोंडेला लागलेल्या रक्ताबरोबर ते पुढे जातात. तिचा चावा दुखतो, जनावर शेपटी झाडून तिला हुसकावते आणि अर्धवट जेवलेली माशी शेजारच्या जनावराकडे वळते. आपल्या गोठ्यांवर कोणत्या गोमाश्या येतात हे ठाऊक असणे म्हणूनच मोलाचे आहे.

भारतात गोमाश्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. कित्येकींतला फरक डोळ्यांमधल्या त्या पट्टीच्या रुंदीत किंवा शृंगिकेच्या आकारात असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. अशा फोटोखाली ‘टॅबॅनस, मादी’ एवढेच लिहावे, सोबत ठिकाण आणि तारीख. अंदाजाने ठोकलेल्या नावापेक्षा ही नोंद पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.