मोटर भरून आणली, पण दोष कुठे होता?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, यंत्रमागाच्या कोणत्याही गावात मोटर रिवाइंडिंगची दुकाने हमखास असतात. मोटर जळली की कारखानदार ती उतरवून वायंडरकडे धाडतो आणि भरून आली की पुन्हा मागाला जोडतो. काही दिवसांत तीच मोटर पुन्हा जळते आणि बोल वायंडरला लागतो. आम्ही कापडाचे व्यापारी. मोटर भरणे हा आमचा धंदा नव्हे. पण माग थांबला की मीटरच्या हिशेबाने काम करणाऱ्या कारागिराची मजुरी बुडते आणि आमचा मालाचा वायदाही चुकतो. म्हणून ही चार कामाची माहिती.

मागाच्या मोटरीला ४१५ व्होल्टची तीन फेज वीज लागते. एक फेज गेली तर बंद मोटर सुरू होत नाही, नुसती घुमते. चालू मोटर मात्र थांबत नाही, आणि खरा धोका हाच आहे. उरलेल्या दोन फेजमधून जवळजवळ पावणेदोन पट करंट ओढला जातो. १ अश्वशक्तीच्या मोटरीला एरवी सुमारे २ ॲम्पियर पुरतात. ती आता साडेतीन ओढते आणि आतून भाजून निघते.

फेज बहुधा कारखान्यातच तुटते. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट खराब होतात, स्क्रू ढिले पडतात. तीन फ्यूजपैकी दोनांत जाड तार आणि एकात बारीक असली, तर बारीक तार आधी वितळते.

तपासणी क्रमाने करावी. सगळेच माग घुमत असतील तर दोष मेन लाइनमध्ये, एकच घुमत असेल तर त्याच्या स्टार्टरमध्ये किंवा वायरमध्ये. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून मोटरीची पुली हाताने फिरवावी. अडत असेल तर दोष विजेचा नसून बेअरिंगचा किंवा मागाचा आहे. ते काम जॉबरचे. टेस्टरवर भरवसा ठेवू नये. इतर मोटरी चालू असताना त्यांच्यातून उलटा दाब येतो आणि तुटलेल्या फेजवरही टेस्टर पेटतो. मीटर लावून तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज मोजावे आणि ते सारखे आहे का पाहावे. चालू लाइनचे हे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

व्होल्टेज तिन्हीकडे सारखेच, पण कमी असेल तर? ते १० टक्के घसरले की मोटरीची ओढण्याची ताकद १९ टक्क्यांनी घटते. माग जड होतो, करंट वाढतो.

आता मुख्य गोष्ट. वायंडर मोटर उघडतो तेव्हा समोर उभे राहावे. लहान मोटरी बहुधा स्टार जोडणीच्या असतात. त्यांत दोन फेजची गुंडाळी काळी आणि तिसरी स्वच्छ दिसली, तर एक फेज गेली होती हे समजावे. तिन्ही सारख्याच काळ्या असतील तर बोजा जास्त होता, व्होल्टेज कमी होते किंवा मोटरीवर रुई साचून गरमी आत कोंडली होती. तांबे बदलले म्हणून कारण बदलत नाही. जुनी गुंडाळी भंगारात टाकण्याआधी तिचा जबाब घ्यावा.

उपाय महागडे नाहीत. तिन्ही फ्यूजमध्ये योग्य मापाची एकसारखी तार घालावी. ओव्हरलोड रिले मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्या ॲम्पियरवर लावावा. सारखा ट्रिप होतो म्हणून वर चढवू नये. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. वीज बंद करून ठरल्या दिवशी स्क्रू आवळावेत, रुई झाडावी. ढिल्या जोडाची ठिणगी रुईवर पडली तर प्रश्न एका मोटरीचा राहत नाही, सारा कारखाना जातो. मोटरीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग असलेच पाहिजेत, कारण त्या लोखंडाला दिवसभर कारागिराचा हात लागतो.

कारखानदार बंधूंनी एक वही ठेवावी: कोणत्या मागाची मोटर, कोणत्या तारखेला, कशी जळली. एकाच मागाचे नाव तीनदा आले, तर वायंडर बदलण्याआधी त्या मागाचा स्टार्टर उघडून पाहावा.